सहा तासांची झोप

३ फेब्रुवारी

बसला एकदाचा! काड्यापेटीएवढा डबा, आत एक चिप आणि बटनाएवढा सेल. बाबांच्या टेबलासमोर भिंतीवर ठोकला. तसाच दुसरा लॅबमध्ये चाचणीला आहे. चिप दर अर्ध्या तासाने जागी होते, टेबलापाशी हालचाल झाली का बघते, परत झोपते. दिवसा लागोपाठ दोनदा काहीच दिसलं नाही तर माझ्या फोनवर मेसेज पाठवते. मी हॉस्टेलवर, बाबा घरी एकटे, म्हणून तर हा प्रोजेक्ट निवडला.

बाबा डोळ्यावरचं भिंग वर करून हसले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. म्हणाले, "माझ्याकडचं घड्याळ झोपलं तर गिऱ्हाईक भांडायला येतं. तुझं यंत्र झोपतं म्हणून तुला मार्क मिळणार?"

११ फेब्रुवारी

सरांनी रिपोर्ट चाळला. सेल सात महिने चालेल, असं आम्ही लिहिलंय. शेजारच्या गटाचा दोन वर्षं चालतो म्हणे. परीक्षक आकडा बघतात, बाकी कोण वाचतंय, असं म्हणाले. दिवसभर डोकं फिरलेलं.

१२ फेब्रुवारी

सापडलं! अर्ध्या तासाऐवजी सहा तासांनी जागं करायचं. दोन वर्षं चार महिने!

प्रोजेक्टमधली जोडीदारीण तोंड पाडून बसली. सहा तास फार होतात म्हणाली. मी म्हटलं, बाबांना काय धाड भरलीय? ती आमच्याच गावची, शनिवारी घरी जातेच. जाताना बाबांच्या डब्यात नवा प्रोग्रॅम घालून ये म्हटलं.

१५ फेब्रुवारी

झालं म्हणाली.

२ मार्च

पहिला नंबर!! सरांनी पाठ थोपटली. परीक्षकांनी सेलचा आकडा दोनदा विचारला, मी दोनदा ऐटीत सांगितला. बाबांना फोन केला तर म्हणे, आता लवकर ये आणि या डब्याची धूळ तूच पूस. सुट्टी लागली की जाणार.

९ मार्च

बाबा गेले.

१३ मार्च

लिहून टाकते. नाहीतर वेड लागेल.

सकाळी साडेआठच्या सुमाराला खुर्चीतून पडले असावेत. शेजारचे काका दुपारी एकला घड्याळ न्यायला आले तेव्हा दिसले. श्वास चालू होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी होती, दहापर्यंत आणलं असतं तर बरंच करता आलं असतं. सहज बोलून गेले ते. त्यांना काय माहीत.

साडेआठ ते एक. साडेचार तास बाबा जमिनीवर. आणि समोर भिंतीवर माझा डबा झोपलेला. मी झोपवलेला. एका आकड्यासाठी.

कुणाला सांगू? मावशी म्हणते, देवाने नेलं. मी मान हलवते.

१७ मार्च

जोडीदारीण रोज येते. चहा करते, मला बळेच दोन घास भरवते. बाबांच्या टेबलावर उघडी पडलेली घड्याळं आम्ही दोघींनी एकेक करून पाकिटांत भरली. ज्याची त्याला द्यायची आहेत.

आज न राहवून म्हटलं, तू बजावलं होतंस, मीच ऐकलं नाही, मीच मारलं बाबांना. तर ती ओक्साबोक्शी रडली. माझ्यापेक्षा जास्त. शेवटी मीच तिला पाणी दिलं.

२१ मार्च

ती आली. उंबरठ्याबाहेरच उभी राहिली.

"तो नवा प्रोग्रॅम मी घातलाच नव्हता. हातच धजेना. तुला खोटं सांगितलं."

म्हणजे डबा झोपला नव्हता. मग मेसेज?

तिने फोन पुढे केला. नऊ मार्च, सकाळी साडेनऊ. "हालचाल नाही." सुरुवातीला चाचणीसाठी तिचा नंबर मीच टाकला होता. बदलायचा राहिला.

"मला वाटलं, तू लॅबमधल्या डब्याची चाचणी घेतेयस."

बारा दिवस ही हे पोटात घेऊन आमच्याकडे येत होती. मी तिला आत घेतलं आणि दार लावलं.