समितीपुढची तीन मिनिटं

केलर्सबर्ग,
२१ फेब्रुवारी

ती. लायलदादा यास,
सा. न. वि. वि. पत्र साखर कारखान्याच्या पत्त्यावर टाकते आहे. तू तिथून उठला असशील, तर ज्याच्या हाती पडेल त्यानं पुढे धाडावं. त्यालाही माझा नमस्कार. सप्टेंबरपासून तुझी ओळ नाही, म्हणून त्याच्याशीच ओळख करून ठेवलेली बरी.

बातमी ही की आमचं हे मुलींचं घर जुलैपासून बंद करायचं, असं राज्याच्या नव्या अंदाजपत्रकात घातलंय. बालकल्याण आणि बालन्यायालय या दोन्ही खात्यांना कात्री लागली आहे. आम्हा सगळ्यांना शेजारच्या राज्यातल्या मोठ्या केंद्रात पाठवणार. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत म्हणे. मुलींना भावंडांच्या भेटीला गाडीतून नेणारे व्हर्नकाका तर आधीच घरी बसले. तू या राज्यात नाहीस, तेव्हा तुझ्यापुरता तो खर्च वाचलेलाच होता.

राजधानीत आमदारांच्या समितीपुढे कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. आमच्या गृहमाता डोरीनबाई मला तिथे घेऊन गेल्या. माझ्या अंगात त्यांच्या लेकीचा चर्चला घालायचा कोट, गुडघ्याखाली येणारा. मी सांगितलं की ज्या कुटुंबात मला ठेवलं होतं त्यांची गाडी मी पळवली, कोर्टानं मला इथे पाठवलं, आणि इथे निदान मी परत आले की दार कोण उघडणार ते मला ठाऊक असतं. शेवटी म्हणाले, "हे घर गेलं तर मला जागा नाही. माझं कुणीच नाही." एक आमदार गोळी चघळत होते, ते थांबले. परतताना डोरीनबाई गाडी चालवत रडत होत्या आणि मला रस्त्याची काळजी.

समितीपुढचं हे सगळं बोलणं संगणकावर दिसतं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच कळवलं. लोभ उरला असेल तेवढा राहू द्यावा.

तुझी बहीण,
कार्लीन


ड्राय क्रीक,
२ एप्रिल

चि. कार्लीन हिस,
अनेक आशीर्वाद. द्यायला सध्या तेवढेच जवळ आहेत. तुझं पत्र तीन गावं फिरून आलं, म्हणजे आपल्या घराण्याचंच शोभतं. कारखाना मी जानेवारीतच सोडला. तिथे साखर बीटाची करतात, त्याचा वास केसांतून जात नाही. तिथे एक टेक्सासचा म्हातारा होता, तो जेवताना कुत्र्याशी राजकारण बोलायचा आणि कुत्र्याचं म्हणणं पटलं की मान हलवायचा. त्याच्यावर एक अख्खं पत्र होईल. पण ते राहू दे.

वाचनालयात बसून मी तुझी ती तीन मिनिटं पाहिली. शेवटचं वाक्य परत लावलं, परत लावलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "कानाला यंत्र लावून ऐका, बाकीच्यांना ऐकावं लागतंय." कोट खरंच लांब होता गं. आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस आणि तेव्हाही तुला कुणाचा तरी मोठा कोटच घातला होता.

तर आता ऐक. मी आपल्या राज्यात परत आलोय. इथल्या धान्याच्या कोठारावर काम मिळालं. गुरांच्या डॉक्टरच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. खाली दिवसभर कुत्री भुंकतात, पण तुला वेगळी खोली आहे, खिडकी उघडते. तुला माझ्याकडे द्यावं असा अर्ज कोर्टात केलाय. घर बंद झालं तर तू त्या केंद्रात जायचं नाहीस, इकडे यायचंस. शुक्रवारी इथल्या खानावळीत चिलीचं तिखट कालवण आणि दालचिनीचा रोल मिळतो, शाळेतल्यासारखाच.

सध्या तरी एका जागी असलेला तुझा भाऊ,
लायल


केलर्सबर्ग,
९ मे

ती. दादास,
नमस्कार पोचावा. घर वाचलं. अंदाजपत्रक मंजूर झालं आणि आमच्यापुरते पैसे परत घातले, एका वर्षासाठी. डोरीनबाईंनी केक केला. मुली मला उचलून नाचल्या. व्हर्नकाकांची जागा मात्र गेली ती गेलीच.

आता दुसरं. डोरीनबाईंना माझा एवढा अभिमान वाटला की समितीपुढचं माझं भाषण टाइप करून त्यांनी आपणहून न्यायाधीशबाईंना पाठवलं, मुलगी किती सुधारली ते दिसावं म्हणून. तुझ्या अर्जाबद्दल त्यांना ठाऊक नव्हतं, मीच सांगितलं नव्हतं. तू खरंच येशील याची खात्री नव्हती, मग उगाच कशाला बोला. आता तुझ्या अर्जाशेजारी ते भाषण लागलंय. सरकारी वकील म्हणतात, मुलगी स्वतःच म्हणते की तिचं कुणी नाही. डोरीनबाई स्वयंपाकघरात स्वतःलाच शिव्या देत भांडी घासताहेत.

तारखेला ये. टोपी काढून ये.

कार्लीन


केलर्सबर्ग,
१४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि. तू बाहेर बाकावर होतास आणि न्यायाधीशबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. तुला फक्त निकाल कळला. आत काय झालं तेही तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

डोरीनबाईंनी आदल्या दिवशी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाल्या, सांग की ते वाक्य मीच तुझ्या तोंडात घातलं, माझी नोकरी गेली तरी चालेल, पण तू भावाकडे जा. मी तसं सांगणार होते. दादा, त्या फार चांगल्या आहेत.

न्यायाधीशबाईंनी भाषण पुढे सरकवलं आणि विचारलं, "हे खोटं होतं का?" हो म्हटलं असतं तर आज मी तुझ्याकडे असते. मी म्हणाले, "त्या दिवशी खरं होतं."

मग त्यांनी विचारलं, आणि आज? मी म्हणाले, आज दादा बाहेर बसलाय, पण तो बसून राहतो की नाही हे मला अजून माहीत नाही. म्हणून त्यांनी डिसेंबर सांगितला. तोवर तू त्याच छपराखाली राहिलास तर पुन्हा पाहू म्हणाल्या. हे तुझ्यावर मीच आणलं. रागवायचं तर रागव, पण पत्रातून रागव.

माझ्या खोलीची खिडकी कोणत्या बाजूला आहे, ते तू लिहिलं नाहीस.

कार्लीन


ड्राय क्रीक,
३ जुलै

चि. कार्लीन हिस,
आशीर्वाद. खिडकी पश्चिमेला आहे. दुपारनंतर तापते, पडदा लावेन.

तुझं पत्र आलं तेव्हा गव्हाची कापणी ऐन भरात होती, म्हणून उशीर. कापणी यंत्रांची ती टोळी आली होती, टेक्सासपासून गहू कापत कापत पार कॅनडापर्यंत जाते ती. दोन उन्हाळे मी त्यांच्याबरोबर होतो. मुकादम म्हणाला, "चल, ट्रकला माणूस कमी आहे, तुझी जागा मोकळीच ठेवलीय." उत्तरेकडे आता रात्री दहापर्यंत उजेड असतो गं, आणि रस्ता असा सरळ की चाक धरावं लागत नाही. इथे मला कोठाराचा मालक सोडला तर कुणी नावानं हाक मारत नाही. खालची कुत्रीसुद्धा शनिवार-रविवारी आपापल्या घरी जातात. मी काही त्याला लगेच "नाही" म्हटलं नाही, हे तुला खरंच सांगतो. तू न्यायाधीशबाईंना खरं सांगितलंस, मग मीही सांगावं.

आज सकाळी ते निघाले. मी कोठाराच्या दारात उभा होतो. शेवटच्या ट्रकनं भोंगा वाजवला. भुसा खाली बसेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो, मग जिना चढून वर आलो आणि तुला लिहायला बसलो.

उत्तर याच पत्त्यावर टाक.

लायल