अक्रोडाच्या वळणावरचा हॉर्न

३ मार्च, मंगळवार

आजही दोनदा. लांब आणि परत लांब. शेळीला चारा टाकत होते, हात तिथेच थांबला.

खाली अक्रोडाच्या वळणावर माझ्या नवऱ्याची, देदाची, मिनीबस आली की तो दोनदा हॉर्न दाबतो. दरीच अशी आहे – तिथला आवाज इथे अंगणात, इथला तिथे. बाकी कुठल्या वळणावर हा माणूस हॉर्न वाजवत नाही. समोरून ट्रक आला तर खिडकीतून हात काढून शिव्या देतो, तेवढ्यावर भागतं.

त्या वळणावर प्रेंगचं घर आहे. तीन वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून प्रेंगच्या भावाने माझ्या दिराला, झेफला, गोळी घातली. भाऊ तुरुंगात गेला. मग डोंगराच्या कायद्याने रक्त, म्हणजे खुनाचा बदला, आलं प्रेंगवर, आणि ते घ्यायचं देदाने. प्रेंग त्या दिवशी गावातही नव्हता, श्कोदर शहरात दाढ उपटून घेत होता! तेव्हापासून तो घरात बसून आहे. घरात असेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. पण कुंपणाबाहेर दिसला आणि देदाने सोडला, तर देदा पुरुषच नव्हे.

म्हणून हॉर्न. तो दिसूच नये म्हणून. मला हे कळलंय, हे देदाला माहीत नाही. बायको बहिरी आहे असं वाटत असावं बिचाऱ्याला.

८ मार्च, रविवार

बायकांचा दिवस. देदाने श्कोदरहून लाल प्लास्टिकची चाळणी आणली. दरवर्षी स्वयंपाकघरातलंच काहीतरी आणतो आणि चेहरा असा करतो की जणू सोन्याची साखळी दिली. मी पण तसाच चेहरा केला. बावीस वर्षांचा रियाज आहे.

झऱ्यावर द्राने भेटली – प्रेंगची बायको. बायकांना रक्ताचे नियम नाहीत, आम्ही कुठेही जाऊ शकतो. मैत्री करू नये एवढंच. आम्ही मैत्री करत नाही, फक्त हंडे भरेपर्यंत बोलतो. हंडे हळू भरतात.

"तुझ्या नवऱ्याला गाऊ नको म्हण," म्हणाली. "खिडकी उघडी टाकून ओरडतो. आमची गाय आटली."

"मी तर लग्न झालं त्या दिवशीच आटले," म्हटलं. इतकी हसली की पाणी सांडलं.

प्रेंग घरात बसून मोजे विणायला शिकलाय. लोकर शहरातून आणतं कोण? देदा! द्राने चिठ्ठी देते, हा आणून देतो. ज्याला मारायचं त्याचीच लोकर वाहायची. वर रंग चुकला तर परत जाऊन बदलून आणायचा.

९ मार्च

तोमाने विचारलं, आई, सगळ्यात आधी कुणी कुणाला मारलं? मी म्हटलं भाकरी खा. काय सांगू? आमचे मराश काका म्हणतात प्रेंगच्या घराने, द्राने म्हणते आमच्या घराने. कुणी म्हणतं कुत्र्यावरून झालं, कुणी म्हणतं बांधावरून. कबरी तेवढ्या दोन्हीकडे आहेत, त्याबद्दल वाद नाही.

१५ मार्च, रविवार

काल इटलीहून आलेल्या शेजाऱ्याकडे पुरुष जमले होते. सगळ्यांना कॉफी हातात दिली. देदाला मात्र त्या इटलीवाल्याने कप गुडघ्याखालून पुढे केला. म्हणजे – तुझं रक्त बाकी आहे, तू आमच्या पंगतीचा नाहीस. असा कप कुणी पीत नाही. उठून जातात, आणि जे करायचं ते करून येतात.

देदाने घेतला. प्यायला. आणि म्हणाला, "साखर जरा कमी पडली."

मला स्वतःच सांगत होता, बूट काढता काढता. मी हसले. मग तो पण हसला. मग बघितलं तर बुटाची नाडी त्याला सुटेना. मी सोडली. किती जीव आहे माझा या माणसावर, ते त्याला कधी सांगितलं नाही. चाळणीबद्दल मात्र दहा वेळा सांगितलं.

१७ मार्च

मराश काका आले. देदाचे चुलते, भावकीतले थोरले. त्यांच्या होकाराशिवाय रक्त माफ होत नाही, आणि ते होकार देणार नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हातारपणी पाय धड चालत नाहीत, दोन दात उरलेत, पण ही एक गोष्ट धट्टीकट्टी आहे. कॉफीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. सोबत झेफची बंदूक, चादरीत गुंडाळलेली.

जेवायला बसले. बीन्स संपवल्या, लोणच्याची कोबी संपवली. मग तोमाला हाक मारली, "इकडे ये रे." अकरा वर्षांचं पोर. बंदुकीचा दस्ता त्याच्या खांद्याला लावून पाहिला. आईने मुलाच्या मापाचा कोट बघावा तसा.

"अजून दोन-तीन वर्षं," म्हणाले. "बापाला जमत नसेल तर थांबू. आपल्याला घाई नाही."

देदा उठून बाहेर गेला. मी ताट उचललं. हातातून पडलं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी आवाज झाला असता.

१९ मार्च

काका राहणार आहेत. रोज गाडीत पुढच्या सीटवर बसून जातात-येतात, बंदूक दोन गुडघ्यांच्या मध्ये. पहिल्याच दिवशी वळणावर विचारलं, "इथे कोणासाठी वाजवतोस?"

देदा म्हणाला, "रस्त्यावर गाढवं असतात, काका."

"मला तर एक दिसलं नाही."

"वाजवतो म्हणून दिसत नाहीत."

संध्याकाळी काकांनी बॉनेट उघडायला लावलं आणि हॉर्नची वायर स्वतःच्या हाताने उपटली. मी खिडकीतून सगळं पाहिलं आणि कांदा चिरत राहिले. तोमा गाडीजवळ उभा होता, त्यानेही पाहिलं.

२० मार्च

सकाळी हंडा घेऊन झऱ्यावर. द्रानेला सांगितलं – यापुढे हॉर्न वाजणार नाही. कोणता हॉर्न, असं तिने विचारलं नाही. म्हणजे तिलाही माहीत होतं. या दरीत न बोललेलंच सगळ्यांना पाठ असतं.

"मग कसं कळायचं त्याला?" म्हणाली. "दिवसभर आत बसवू? जेमतेम एक तास कुंपणापलीकडे लाकडं फोडायला जातो. तेवढंही नको?"

हंडे भरले होते, तरी आम्ही उभ्या राहिलो.

२३ मार्च, सोमवार

आज वळणावरून गाणं आलं! खिडकी उघडी, गळा उघडा, तो जुना वीरांचा पोवाडा. इतका बेसूर की आमचा कुत्राच आधी कोपऱ्यात गेला. मी अंगणात उभी राहून डोळे पुसले.

आणि काका खूश! त्यांना वाटलं, पोरगा शत्रूच्या दारावरून छाती काढून गातोय, रक्त तापलं. रात्रीच्या जेवणाला त्याला स्वतःच्या हाताने रकीची दारू ओतली. "आता आलास वळणावर," म्हणाले. देदाने माझ्याकडे बघितलं नाही, नाहीतर आम्ही दोघं हसून मेलो असतो.

२४ मार्च

परत गायला.

३० मार्च

आज तर दोन कडवी. द्राने म्हणते गाईने दूध द्यायला सुरुवात केली, सवय झाली असावी.

३ एप्रिल, शुक्रवार

लिहायला आता बसतेय.

देदाचा घसा बसला होता. परवापासून ताप. मी म्हटलं आज जाऊ नको. काका म्हणाले, तापाने कोण मरतं. सकाळी पाऊस, वरचा बर्फही वितळतोय, रस्ता म्हणजे नुसता राडा. दुपारी मी अंगणात उभी. गाडीचा आवाज आला, वळणावर आला – गाणं नाही. आणि मग गाडीचाही आवाज बंद.

किती वेळ उभी होते कोण जाणे. गोळी ऐकू येईल म्हणून कान बंद करावेत असंही वाटलं, आणि बंद केले तर ऐकू येणार नाही म्हणूनही भीती.

पुढचं देदाने सांगितलं, फुसफुसत, घसा नाहीच. मागचं चाक चिखलात रुतलं. अगदी प्रेंगच्या कुंपणासमोर. आणि प्रेंग बाहेर, कुऱ्हाड हातात, लाकडं फोडत. तीन वर्षांनी समोरासमोर. देदा म्हणाला, "पोट सुटलंय गं त्याचं. आणि पांढरा पडलाय, बटाट्याचा कोंब असतो तसा." काकांनी बंदूक देदाच्या हातात ठेवली. "मार," म्हणाले. प्रेंगने कुऱ्हाड खाली टाकली, टोपी काढली. गाडीत मागे सहा माणसं.

देदा बंदूक घेऊन खाली उतरला. घसा खरवडून म्हणाला, "चाक रुतलंय. फळी आहे का?"

प्रेंगने टोपी परत डोक्यावर घातली. मग स्वतःच्या फाटकाच्या दोन फळ्या उपटून आणल्या. दोघांनी चाकाखाली घातल्या, खांदा लावला. बंदूक तोपर्यंत कुंपणाला टेकवलेली. गाडी निघाली. काका उतरले, बंदूक उचलली आणि त्या राड्यातून चालत घरी आले, दोन्ही गुडघे दुखत असताना.

आता देदा झोपलाय. कपाळ तापलंय, पायात जाड लोकरीचे मोजे आहेत. मी विणलेले नाहीत.

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

वाटलं होतं काका घर सोडून जातील. नाही गेले. उलट आज चर्चनंतर प्रेंगकडे निरोप धाडला – पवित्र आठवड्याचा शब्द देतो. ईस्टर संपून सोमवारचा सूर्य डोंगरावर येईपर्यंत तू मोकळा. आमच्याकडे असा शब्द मोडत नाही कुणी, काका तर नाहीच नाहीत.

देदा म्हणतो, म्हातारा मऊ पडतोय. मला देवालाच विचारावंसं वाटतं, पण देव या भावकीतला नाही, त्याला काय कळणार.

८ एप्रिल

मोडका पाट! ज्या पाण्यासाठी झेफ गेला तो पाट तीन वर्षं फुटून पडला होता, कारण दुरुस्तीला दोन्ही घरचे पुरुष तिथे जाऊ शकत नाहीत. खालची सगळी शेतं वाळली, आमची, त्यांची आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांचीही. आज प्रेंग फावडं घेऊन तिथे गेला. थोड्या वेळाने देदा पण गेला. एक या टोकाला, एक त्या टोकाला, बोलणं नाही. तोमा दोघांना भाकरी आणि चीज देऊन आला. म्हणाला, "आई, प्रेंगकाका पण गातो. बाबांपेक्षा वाईट."

यापेक्षा वाईट असू शकतं?

१२ एप्रिल, ईस्टर

लाल अंडी. काकांनी तोमाशी अंड्यावर अंडं आपटायचा खेळ खेळला, चारदा हरले, पाचव्यांदा लबाडी करून जिंकले. हसताना त्यांचे ते दोन दात दिसले. लहानपणी झेफशीही असेच खेळायचे म्हणे. मला त्या क्षणी त्यांची माया आली, खोटं कशाला लिहू. म्हातारा रोज सकाळी झेफच्या कबरीवर जातो आणि तिथे उभा राहून काय सांगणार, आज तुझ्या भावाने फळी मागितली?

पाट जवळजवळ झाला. प्रेंगचं टोक थोडं राहिलंय. द्राने म्हणाली, उद्या अंधारातच जाऊन संपवतो म्हणतोय, सूर्य यायच्या आत घरात. मी म्हटलं जाऊ देऊ नको. ती म्हणाली, "तीन वर्षांनी काहीतरी पुरं करायला मिळतंय त्याला, मी कशी अडवू?"

निजताना काका बंदुकीला तेल लावत होते. सवय असेल.

१३ एप्रिल, सोमवार

हॉर्नने जाग आली. दोनदा. लांब आणि परत लांब.

देदा तर माझ्या शेजारी झोपलेला. धावत बाहेर आले. डोंगरावर सूर्य आलेला. गाडी आमच्याच अंगणात, आत तोमा, दोन्ही हातांनी हॉर्न दाबून. बॉनेट उघडं, वायर जोडलेली. काका पायवाटेवर अर्ध्यात उभे, बंदूक हातात. खाली पाटावर प्रेंगने फावडं टाकलं आणि घराकडे धावला. दार लागल्याचा आवाज इथवर आला.

काकांनी खालूनच विचारलं, "कोणासाठी वाजवलास?"

"रस्त्यावर गाढवं होती, आजोबा," तोमा म्हणाला. बापासारखाच, भलतीकडे बघत.