नको तो आवाज

ता. ३, सोमवार
आलो एकदाचा! मावशीच्या गच्चीवरची खोली, एक टेबल, एक खिडकी आणि आधीच्या भाडेकरूनं टाकून दिलेला कॉम्प्युटर. मावशी म्हणते, तो पोरगा एक शब्दही न बोलता निघून गेला. जाऊ दे. कॉम्प्युटर चालतो, त्यात गाणी बनवायचं सॉफ्टवेअर आहे, मला आणखी काय हवं? कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून बाबांनी अबोला धरलाय. डीजे होऊन दाखवतो की नाही बघा! मावशीनं विचारलं, डीजे म्हणजे भिंती हलवतात तो का? म्हटलं, तोच. म्हणाली, मग आधी आमचा पत्रा घट्ट करून घे.

ता. ६, गुरुवार
डीजे क्लासच्या सरांना सगळे ‘दाढी’ म्हणतात. आज आवाज कापायला शिकवलं. पडद्यावर आवाज डोंगररांगेसारखा दिसतो. हवा तो तुकडा उचलायचा, ठेक्यावर बसवायचा. सरावाला कुणाचाही आवाज घ्या म्हणाले.
माझ्याकडे एकच आवाज आहे. रेडिओचा. अखंड बोलायची म्हणून माझ्या मैत्रिणीला मीच ठेवलेलं नाव. दोन वर्षांचे सगळे कॉल रेकॉर्ड आहेत, ते या कॉम्प्युटरवर चढवले. ऐकता ऐकता डोकंच फिरलं. मला सोडून ती दातांच्या डॉक्टरशी लग्न करतेय, २१ तारखेला! संध्याकाळच्या पार्टीला गाणी दाढी लावणार, स्पीकरची खोकी मी उचलणार. मध्येच माझं गाणं वाजेल. ‘तुझ्याशिवाय मरेन’ हे तिचंच वाक्य, तिच्याच आवाजात, ठेक्यावर, सगळ्या वऱ्हाडासमोर.

ता. १०, सोमवार
तिचं हसू ठेक्यात बसेना. सगळ्या कॉलमधून कापलं, सेव्ह केलं. दुपारी तिच्या भावाचा फोन. आम्ही अजून मित्र आहोत. म्हणाला, ताईला काय झालंय कळत नाही, हसते पण आवाजच फुटत नाही.
योगायोग असेल.

ता. १२, बुधवार
खात्री करून घेतली. सकाळी बसून तिचा प्रत्येक ‘हो’ खोडला. संध्याकाळी भाऊ रडकुंडीला आलेला. बाकी सगळं बोलते, पण हो म्हणायची वेळ आली की नुसतं तोंड उघडते, माशासारखं. नोंदणी कार्यालयात तर तोंडानं हो म्हणावं लागतं!
घे. मला नाही म्हणताना बरी जीभ वळली होती.

ता. १५, शनिवार
भाऊ म्हणाला, तू तिला ओळखतोस, येऊन समजाव ना. म्हटलं, बघतो.
दाढींनी रेकॉर्डिंग साफ करायला शिकवलं. जिथं कुणीच बोलत नाही असा तुकडा दाखवायचा. हा नको असलेला आवाज, असं सांगायचं. सॉफ्टवेअर तो सगळीकडून पुसतं. एका भांडणात ती अर्धं मिनिट गप्प होती. तोच तुकडा दिला. सगळे कॉल काचेसारखे लखलखीत!

ता. १६, रविवार
मावशी दचकली. म्हणाली, शेजारी बसलास तरी पत्ता नाही, श्वास तरी घेतोस का रे मेल्या?
जिना चढून आलो. धाप लागली, पण आवाज नाही.

ता. १८, मंगळवार
पुसलेला आवाज वेगळा ऐकता येतो. ऐकला.
मीच. ती गप्प होती आणि फोनच्या या टोकाला मी श्वास घेत वाट बघत होतो.
दाढींनी कपाळाला हात लावला. मूळ फाइलवरच सेव्ह करतं का कुणी, गाढवा?

ता. २०, गुरुवार
आता श्वास आपोआप येत नाही. आठवून घ्यावा लागतो, स्वतःलाच ‘घे’ म्हणत. झोप तर — नाहीच.
कॉल तिच्याही फोनवर रेकॉर्ड व्हायचे. भावाला म्हटलं, पाठव. कशाला, ते नाही सांगितलं.

ता. २१, शुक्रवार
सकाळी फायली आल्या. सगळ्याच्या सगळ्या. तिनं काही विचारलंही नाही म्हणे.
माझ्या फायलींच्या जागी या ठेवायच्या. एकदा बटण दाबलं की माझा श्वास परत. पण दोघांचे आवाज एकाच फायलीत, वेगळे होत नाहीत. माझ्याबरोबर तिचा ‘हो’ही परत.
अकराला नोंदणी कार्यालयात तिची वेळ. पावणेअकरा झालेत.
नाही. आधी अकरा वाजू देत. तिथं सगळ्यांसमोर तोंड उघडू दे — माशासारखं. मग दाबतो. पंधरा मिनिटं तर —
घे.
दहा मिनिटं. मावशी खालून हाक — घे — नंतर.
सात. बोटं — घे. बटणावरच आहे बोट. अजून नाही.
घे.
पाच. डॉक्टर बघत असेल तिच्या तोंडाकडे —
घे —
चार —