लाल भाकर

बाबा, मले लिहिता येत नाही हे तुम्हाले ठाऊकच आहे. शाळेच्या वयात तुम्हीच मले कापूस वेचाले धाडलं होतं. म्हणून नातीले समोर बसवलं. मी बोलते, ती जरा नीट करून लिहिते, आणि मधूनच विचारते, "आजी, हे खरंच लिहू?" लिही म्हटलं.

पाऊस दगा देऊन गेला, आणि सरकार लेव्हीत घराघरातून ज्वारी नेऊन राह्यलं होतं, त्या सालची गोष्ट. देशाले खाऊ घालणारे आपण, अन् रेशनच्या दुकानात अमेरिकेची लाल ज्वारी. लोक म्हणत, तिकडं ती ढोरं खातात. आमच्या अंगणात कडब्याच्या गंजीखाली खड्डा खोदून पांढरी ज्वारी लपवलेली. लेव्हीवाल्यायच्या कानावर जाऊ नये म्हणून आम्हीही पिशवी घेऊन रेशनच्या रांगेत. अशात तुम्ही देऊळघाटहून दोन यष्ट्या बदलून आले. दारातूनच म्हणता, "काय वं बाई, वाळली काऊन? सासू खाऊ देत नाही काय?" सासू आतून म्हणते, "उलटं आहे व्याही, तुमच्या लेकीनंच मले वाळवलं." तुम्ही हसत पाटावर बसता, आणि मी ताटात लाल भाकर वाढते.

ती भाकर थापताना फाटते, खाताना टाळूले चिकटते. यष्टीच्या कंडक्टरलेही घरची सारी हकीकत सांगणारे तुम्ही, त्या दिवशी पाण्याच्या घोटासंग भाकर संपवली. उठताना गाठोडं सोडलं. पेरणीसाठी निवडून, राख लावून ठेवलेली तुमची ज्वारी. "धुऊन दळ अन् पोरायले घाल. माह्या घरी आहे अजून."

नव्हती, बाबा. पेरणीच्या वेळी तुम्ही लोकायच्या दारात बियाणं मागाले गेले, हे मले भावानं पुढं सांगितलं. आणि मी ते गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं होतं.

सासूच्या धाकानं तुम्हाले लाल भाकर वाढली, असं मी आजवर सगळ्यायले सांगत आले. ती तर चुलीपाशी येऊन हळूच म्हणाली होती, "बाप आहे तुहा, पांढरी टाक त्याले." मीच नको म्हटलं. तुम्ही गावभर सांगत फिरसाल ही भीती नव्हती. पांढरी दिसली तर भावाच्या पोरांसाठी पायलीभर मागसाल, ही होती.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. तुम्ही जिवंत असते, तरी धाडलं नसतं.