घण, पंखे आणि खिडकीजवळची जागा

१८ डिसेंबर
पाच खोल्यांतून दोन खोल्यांत आलो. घर लहान नाही, सामान जास्त आहे. मुळात ते सगळं नार्सिसाचं. माझे फक्त बंद पडलेले टेबलफॅन, मिक्सरच्या मोटरी आणि पोपट नसलेला पिंजरा. सगळं दुरुस्त होणार आहे. तोवर तात्पुरतं खिडकीजवळ.

नार्सिसाचं म्हणणं, उजेड तेवढ्याच खिडकीतून येतो, शिलाईमशीन तिथेच हवं. एकतीसपर्यंत जागा कर, नाहीतर मी मशीन घेऊन बहिणीकडे क्वेंकाला चालले. बायको जरा तापट आहे. मी शांत. उद्या घण आणतो.

१९ डिसेंबर
सुरुवात तिच्या कपाटापासून. काय मजा आली! एका घावात दार, दुसऱ्यात पाठ. आरशाने मात्र डाव साधला. कपाळावर तीन टाके. कपाट मुलीला द्यायचं ठरलं होतं, हे नार्सिसाने नंतर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं?

२२ डिसेंबर
फडताळाचा खातमा. घाव जरा भिंतीत गेला. शेजारच्या सोइलाबाईंच्या बश्या फुटल्या म्हणे. बाई केळी तळता तळता तवा घेऊनच आल्या. म्हणाल्या, “अहो वॉशिंग्टनराव, भिंत आमचीपण आहे! डोकं फिरलंय का तुमचं?” मी समजावत होतो, तोच कोपरावर तवा बसला. मग मी तव्याला समजावलं. तवा आता वापरता येणार नाही.

२६ डिसेंबर
जेवणाचं टेबल तोडून जिन्यातून खाली सोडलं. एक पाय खालच्या एलिएसेरच्या नडगीवर बसला. त्याने माझी गचांडी धरली. मी त्याला कठड्यावरून फक्त खाली काय आहे ते दाखवलं. किंचाळायची गरज नव्हती.

खाटेवर बसून जेवलो. नार्सिसा खिडकीकडे बघत जेवली. समाधानी दिसते.

२९ डिसेंबर
सोइलाबाई चक्क गोड बोलल्या. जुन्या वर्षाच्या पुतळ्यासाठी कपडे मागितले. वर्षभर ज्याने सगळ्यांना छळलं त्याचं तोंड पुतळ्याला द्यायचं, एकतीसच्या मध्यरात्री बडवून जाळायचा, असा इथला रिवाज. यंदा एलिएसेर, यात शंकाच नाही. मी तपकिरी पँट, चौकड्यांचा शर्ट आणि गवताची टोपी दिली. वर सांगितलं, पहिला घाव माझा. बाई म्हणाल्या, “अहो, तुमच्याशिवाय कोणाचा असणार!” मला इथे मान आहे.

३१ डिसेंबर, सकाळ
नार्सिसाही पुतळ्यासाठी पोती भरभरून खाली नेतेय. लाकडाचा भुसा, म्हणाली. पंख्यांच्या ढिगावर तिने चादरही घातली, धूळ बसू नये म्हणून. शेवटी बायकोला किंमत कळली! खिडकीचं बघू उद्यापासून.

१ जानेवारी
काल मध्यरात्री पुतळ्याच्या तोंडावर पोतं होतं. पहिला घाव मी घातला. टाळ्या! दुसरा छातीवर. खणकन वाजलं. भुसा वाजत नाही, हे लक्षात यायला हवं होतं. तिसऱ्या घावाने पोट फाटलं आणि पंख्याचं निळं पातं माझ्या पायाशी येऊन पडलं.

सोइलाबाईंनी पोतं ओढलं. मिशा माझ्या. कपाळावर लाल रंगाने काढलेले तीन टाके. त्या ओरडल्या, “थांबलात का वॉशिंग्टनराव? इतकं छान चाललं होतं!” मग सगळी बिल्डिंग पुतळ्यावर तुटून पडली. लाथा, काठ्या, नवा तवा. एलिएसेर लंगडत आला आणि मान मोडेपर्यंत थांबला नाही. मी घण हातात धरून बघत राहिलो.

नार्सिसाने मारलं नाही. पुतळ्याची वाकडी झालेली टोपी नीट केली आणि काडी लावली.

सकाळी चादर उचलली. खाली रिकामी खोकी. ती बाजूला केली. खिडकीतून थेट भिंतीपर्यंत ऊन आलं. इतका उजेड येतो हे मला माहीत नव्हतं. मशीन कुठेच नव्हतं. सोइलाबाईंनी दारातूनच सांगितलं की नार्सिसा पहाटेच्या बसने क्वेंकाला गेली. म्हणाली म्हणे, जागा त्याने करायची होती, मी नाही.

येईल. राग उतरला की येईल. जागा तर झालीच आहे.

राखेत एका पंख्याचा सांगाडा मिळाला. थोडा वाकलाय, दुरुस्त होईल. तात्पुरता खिडकीजवळ ठेवलाय.