पैलवानावर पाळत

३ मार्च, सकाळी
फॉन्ट पूर्ण. चार वर्षं लागली. जाड, ठेंगणी, एकमेकांना खेटून उभी इंग्रजी अक्षरं, पायात चौकोनी ठोकळे. जुन्या पत्र्याच्या डब्यांवर असायची तशी. नाव ठेवलं पैलवान. आता चोरांपासून जपायचं. म्हणून आरच्या उजव्या ठोकळ्यात बारीकशी खाच ठेवली आहे. चोरणारा खाचेसकट चोरेल आणि सापडेल. बायकोलाही दाखवायचा नाही असं ठरवलं. तिने मागितलाही नाही. हे जरा संशयास्पद आहे.

५ मार्च
प्रिंटिंगवाल्या मित्राने विचारलं, सध्या काय चाललंय. दोनदा विचारलं! मी विषय बदलला. मेहुण्याला विजेचं बिल भरायला लॅपटॉप हवा होता. दिला नाही. पासवर्ड बदलला.

६ मार्च
पासवर्ड आठवेना. बायकोने तिसऱ्या प्रयत्नात ओळखला. हिच्यावरही लक्ष ठेवलं पाहिजे.

९ मार्च, संध्याकाळी
बेकरीच्या नव्या बोर्डावर पैलवान! भिंग घेऊन शिडीवर चढलो. आरला खाच नाही. बुजवली असणार. पेंटर म्हणाला, ही अक्षरं त्याला वडिलांनी शिकवली आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी. म्हणजे तीन पिढ्या सामील आहेत.

१२ मार्च
पहिलं गिऱ्हाईक! साबणाच्या कारखानदाराला खोक्यासाठी जुन्या वळणाची अक्षरं हवीत, पंधरा तारखेपर्यंत. खबरदारी म्हणून ए ते एम एवढीच पाठवली. लगेच त्याचा फोन. सोप लिहायला एस, ओ आणि पी लागतात म्हणे. नेमकी हीच तीन का? आधी अकरा पानी करारावर सही करा, असं कळवलं.

१६ मार्च
साबणवाल्याने कॉम्प्युटरवरची फुकटातली अक्षरं घेतली. बायको म्हणाली, "चार वर्षं दार लावून बसलास. एक माणूस आला, तर त्यालाही बाहेर उभं केलंस." तिला या धंद्यातले चोर माहीत नाहीत. जेवण गेलं नाही.

१८ मार्च
नवी योजना: आमिष. अख्खा पैलवान पेनड्राइव्हवर टाकला आणि तो प्रिंटिंगवाल्याच्या काउंटरवर मुद्दाम विसरून आलो. आता बघू कसा सुटतो.

२१ मार्च
रोज दोन चकरा मारतो. पेनड्राइव्ह जागचा हललेला नाही. चोर फार थंड डोक्याचा आहे. आज जाता जाता तो दिसेल असा जरा पुढे सरकवला.

२४ मार्च, दुपारी
प्रिंटिंगवाल्याचा फोन आला. धावत गेलो. पेनड्राइव्ह हातात देत तो म्हणाला, "तुझाच ना? काल एकाचे फोटो द्यायचे होते, घाईत हाच वापरला. आत कसलीशी अक्षरं होती, ती उडवली. चालेल ना?"

चालेल म्हणालो. लॅपटॉपवर सगळं आहेच, नुकसान काही नाही. पण घरी येईपर्यंत फार वाईट वाटत राहिलं. निदान एखादं अक्षर तरी ठेवून घ्यायचं त्याने.