पाहुण्याचं पाणी

२ फेब्रुवारी, रविवार
माहेरी जाऊन आले. भातकुलीच्या पुढे रस्ता अजून तसाच, कंबर मोडली.
विहिरीवर जायचं नाही म्हणता म्हणता गेलेच. आमचा सगळा खारपाणपट्टा, गावात गोड पाण्याची ही एकच विहीर. आता कठड्याशी उभं राहवत नाही, फवारणीच्या डब्यासारखा वास. कारखानेवाले जुन्या बोअरमध्ये घाण पाणी सोडतात. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कागदावर मात्र कुठेच नाही.
सुमीकडे तपासणीच्या नमुन्यासाठी सहा रिकाम्या बाटल्या दिल्या. वास उठला की त्याच सकाळी विहिरीवरून भरायच्या, आधी तीनदा विसळायच्या, चिठ्ठी लावायची. मीच थांबले असते, पण कॉलेजात प्रॅक्टिकल सुरू आणि लॅबच्या चाव्या माझ्याकडे.
"भरीन ना वंदे. किती समजावून राहिली? मी काय नेन्ती पोरगी हाय?"
मला पाणी दिलं विकतच्या जारमधलं, घासलेल्या ग्लासात. स्वतः प्याली माठातलं, विहिरीचं. म्हटलं, मलाही तेच दे. "गप बस. पाहुणी हायेस."
दादा आत आला तशी मी तिला वहिनी म्हणायला लागले. तीस वर्षं हेच चाललंय. माणसांत वहिनी, दोघीच असलो की सुमी. शाळेत एका बाकावर होतो, मग माझ्याच भावाच्या पदरी पडली. हाताच्या भेगा लपवत होती. पाहिल्या मी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
बाटल्या आल्या! कंडक्टरच्या सीटखाली, जुन्या पातळाच्या चिंध्यांत एकेक गुंडाळलेली. वर मुरमुऱ्याच्या चिवड्याची पुडी. बाई गं सुमे.
तशीच अकोल्याची गाडी धरली. कादरभाई (पुढे का.भा., एवढं कोण लिहील) स्टँडवर हजर. हा माणूस इतकी वर्षं नाल्या, बोअरं, कारखान्यांची मागची दारं धुंडाळतोय. दुकान भावाच्या भरवशावर. बाटल्या तपासायला देऊन आलो. ४ मार्चला इथे अमरावतीत, प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात आमच्या तक्रारीची सुनावणी आहे. तिथे काही दाखवलं नाही तर तक्रार निकालात काढतील, आणि मग विहीर गेलीच समजा.
का.भा. म्हणाले, "मॅडम, आता पानीच बोलेल."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पाणी बोललं. पिण्यास योग्य.
सहाच्या सहा बाटल्या. तीनदा वाचलं. एक प्रत परस्पर ऑफिसातही गेली.
का.भा.नी कागद उलटून पाहिला. मग, "इतकं गोड पानी तर तुमच्या पट्ट्यात देव बी पीत नसेल. कुछ तो गडबड आहे. घरी विचारा."

१५ फेब्रुवारी, शनिवार
आज मी जे केलं ते लिहायची लाज वाटतेय. तरी लिहिते.
का.भा. कामाने अमरावतीला आले होते, घरी चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोर सुमीला फोन लावला, तेही ऐकताहेत असं सांगून, स्पीकरवर. बाटल्या कुठून भरल्या?
"जारच्या पान्यानं." सरळ बोलली. "अवं, इहिरीचं पानी पिवळंजर्द. साहेब लोक पाहतीन, तपासतीन. असं पानी कोनाच्या हाती देते का कोनी? लोक म्हनतीन, या गावाले रीत नाई. तुहीच इज्जत गेली असती ना वंदे."
आणि मी म्हटलं, "अडाणी आहेस तू. सगळ्यावर पाणी फिरवलंस."
पलीकडून, "बरं ताई."
ताई! जन्मात कधी म्हणाली नव्हती. तिने फोन ठेवला.
का.भा. कप खाली ठेवून म्हणाले, "उनकी क्या गलती? घाण पाहिजे, हे तुम्ही सांगितलं होतं का?"
नव्हतं. विसळणं सांगितलं, चिठ्ठी सांगितली. हे सांगावं लागेल असं डोक्यातच आलं नाही. आणि त्याच घरात त्याच दिवशी मी जारचं पाणी घटाघटा प्याले होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसात जाऊन आलो. साहेब बरे आहेत. म्हणाले, ज्यांनी बाटल्या भरल्या त्यांनी सुनावणीला येऊन स्वतः सांगावं, लिहून द्यावं. मग आमची माणसं येऊन नव्याने नमुने घेतील.
म्हणजे सुमीने.
गुरुवार आहे. दर गुरुवारी बाजारातून आली की दादाच्या मोबाइलवरून तिचा फोन येतो. वांगी काय भाव, कोण कुठं भांडलं, दादा कसा चक्रम आहे. आज नाही आला. मोबाइल पदराखाली घेऊन बसले होते, वेड्यासारखी.

२१ फेब्रुवारी
पाण्याला चव नसते असं लॅबमध्ये पोरांना सांगते. आमच्या विहिरीला होती. शाळा सुटली की सुमी बादली ओढायची, मी ओंजळ धरायची, मग उलट. फ्रॉक भिजायचे, घरी मार. तसं पाणी पुन्हा पुन्हा पिऊन पाहावं वाटतं. आणि ओतायला तीच पाहिजे.
कशाची जास्त आठवण येतेय तेच कळत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
गेले. दादा वावरात.
"या ताई. बसा."
अहोजाहो. मी गुमान बसले. तिने पाणी आणलं. माठातलं, पिवळट. समोर धरलं.
"घ्या. तुमी काई पाहुण्या नाई."
दोन घोट घेतले. जीभ आखडली, डोळ्यांत पाणी आलं. ती उभी राहून पाहत होती. तिसऱ्या घोटाला तिने ग्लास माझ्या हातून हिसकावला आणि पाणी अंगणात ओतून दिलं.
मग मी मूर्खासारखं सुनावणीचंच बोलले. आधी माफी मागायची होती. वाटेत पाठ केली होती, बसमध्ये ओठ हलवत.
"म्हंजे चार मानसाईत उभी राहू अन् सांगू, का मी अडानी हाव?"
"तसं नाही गं सुमे."
"तसंच हाय. तुह्या मित्रानं तं ऐकलंच, आता साहेब बी आयकतीन."
रागात का होईना, 'तुह्या' म्हणाली. शेवटच्या गाडीत तेवढंच घेऊन बसले.

१ मार्च, शनिवार
का.भा.ना म्हटलं, मीच सांगते की बाटल्या मी भरल्या.
"झूठ नको. एक झूठ अन् पूरी तक्रार झूठ." मग हळूच, "तुम्हाला इहीर पाहिजे की वहिनी?"
दोन्ही पाहिजे. का नाही पाहिजे?
दादाच्या फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. सुमे, अडाणी मी. बाकीचं रडण्यात गेलं. ऐकला असं दिसतं. उत्तर नाही.

४ मार्च, मंगळवार
बसस्टँडवर लिहितेय. सुनावणी साडेअकराला. का.भा. ऑफिसच्या दारात उभे, दर पाच मिनिटांनी फोन.
सकाळी दादाचा फोन. "सुमी पयल्या गाडीनं निघाली बॉ. थैली भरून. कुठं चालली, सांगतलं नाई. तुह्याकडं येते का माहेरी जाते, मले काय मालूम." तिचं माहेर आता दर्यापूरकडे, भाऊ तिकडे राहायला गेल्यापासून. तिकडची गाडीही इथूनच.
ऊन चढलंय. पिशवीत घरून भरलेली पाण्याची बाटली आहे, आणि तिच्या सहीसाठी कोरा कागद.
सव्वादहा झाले. दर्यापूरची गाडी फलाटाला लागलीय, कंडक्टर ओरडून राहिला. आणि भातकुलीची आत वळतेय. खिडकीत सुमीचं हिरवं पातळ दिसतंय.
माहेरी जातानाही ती हिरवंच नेसते.